ऑपरेशन थिएटरात कोण कशाला घाबरायचं

नर्सच्या एप्रनच्या खिशात काय काय साठतं, ते कधी बघा. पिना, चिकटपट्टीचे तुकडे, कुठल्या तरी बाटलीचं झाकण, अर्धी लिमलेटची गोळी. मुद्दाम कुणी ठेवत नाही. घरी जाऊन खिसा उलटा केला की पडतं बाहेर. किस्सेही तसेच. मी ठाण्यात खोपटजवळच्या एका नर्सिंग होममध्ये तेरा वर्षं थिएटर सिस्टर होते. परवा जुन्या मैत्रिणी जमलेल्या, त्यातली एक म्हणाली, "सिंधू, तुमच्या थिएटरमधलं सांग ना एखादं!" आणि माझा खिसा उलटा झाला.

थिएटर म्हणजे ऑपरेशनचं हं, सिनेमाचं नव्हे! बारा खाटांचं नर्सिंग होम, पहिल्या मजल्यावर. एक टेबल, एक मोठा दिवा, आणि खाली एसटी वळली की थरथरणाऱ्या खिडकीच्या काचा. माणसं आम्ही चारच. आमचे सर्जन, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. मूळचे पुण्याचे, बोलणं एकदम शुद्ध. भूल द्यायला नाडकर्णी मॅडम, त्या मुंबईहून यायच्या. आयाबाई म्हणजे चेंदणी कोळीवाड्यातल्या हिरामावशी. आणि मी, डोंबिवलीची.

बाहेरच्यांना वाटतं, ही मंडळी कशाला म्हणून घाबरत नसतील. अहो, उलट! हिरामावशी सोडल्या, तर आम्ही तिघं सतत घाबरलेलो असायचो. फक्त प्रत्येकाची भीती वेगळी. ज्याला जे एकदा भोवलेलं, तेच त्याला सगळीकडे दिसायचं आणि तेच बरोबर वेळेवर आठवायचं. बाकीचं तो खुशाल विसरायचा!

* * *

सरांची भीती मॉपची. मॉप म्हणजे पोट उघडल्यावर रक्त टिपायला आत ठेवतात ती जाड कापडी घडी. सर शिकत असताना कुणाच्या तरी हातून एक मॉप आत राहिलेला आणि तो पेशंट सरांच्या डोळ्यांदेखत गेलेला. एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढचं सर कधी बोलले नाहीत. पण पोट शिवायच्या आधी सुई हातात धरून थांबायचे. "सिस्टर, मोजणी?" मी "बरोबर" म्हटल्याशिवाय पहिला टाका पडायचा नाही.

एकदा पित्ताशयाचं ऑपरेशन. मी मॉप मोजले. अकरा. परत मोजले. अकरा. दिलेले होते बारा.

"सर, एक कमी आहे."

सरांच्या तोंडावर मास्क होता, पण कपाळ दिसत होतं ना. ते पांढरं पडलं. "कुणीही काहीही बाहेर नेऊ नका," ते म्हणाले आणि परत पोटात हात घातला. मी बादली उपसली, चादरी झटकल्या, कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. नाही!

"सर, बीपी उतरतंय," मॅडम म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

"सापडेपर्यंत."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. बाहेरच्या बाकावर त्या बाईचा नवरा बसलेला, आणि माझ्या डोक्यात एकच, याला जाऊन काय सांगायचं?

हिरामावशी इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या आल्या आणि थेट सरांच्या पायाशी उकिडव्या बसल्या.

"डाक्टर, पाय उचला."

"मावशी, ही काय वेळ आहे का?"

"उचला म्हनतंय ना!"

सरांनी पाय उचलला. उजव्या चपलेच्या तळाला बारावा मॉप. रक्तानं घट्ट चिकटलेला!

सरांनी क्षणभर डोळे मिटले, हातमोजे बदलले आणि टाके घालायला घेतले.

नंतर मी मावशींना विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं हो?" तर म्हणाल्या, "पोरी, बाजारान पाटी मांडली आनि एक पापलेट कमी भरला, तं सगली जना पाटीन शोधतान. मी पयली पायाखाली बगतंय. तीस वर्सां म्हावरा इकलाय!"

* * *

मॉप सोडला तर सरांच्या लक्षात काही म्हणजे काही राहायचं नाही. म्हणून ते तळहातावर बॉलपेननं लिहून ठेवायचे. आता बघा, सर्जन माणूस! दर ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं ब्रशनं खसाखसा हात घासणार, आणि आठवणी लिहिणार कुठे, तर हातावर!

एका दुपारी चहा घेताना सरांनी तळहात पुढे केला. "सिस्टर, हा 'क' कसला असेल?" बाकीचं धुऊन गेलेलं, एक 'क' तेवढा उरलेला.

"कात्र्यांना धार लावायची असेल," मी म्हटलं.

"घरून कोथिंबीर आणायला सांगितली असेल," मॅडम म्हणाल्या.

सर हसले. आणि हसता हसता थांबले. कप बशीत ठेवला तो असा, की चहा सांडला.

"कल्याण," ते म्हणाले.

कल्याणची बाळंतीण! तिचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. अशा आईला बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावंच लागतं. नाही दिलं, तर पुढच्या खेपेला तिचंच रक्त पोटातल्या बाळाच्या जिवावर उठू शकतं. इंजेक्शन मुंबईहून यायचं होतं. तेवढ्यात घरच्यांनी सण आहे म्हणून हट्टानं तिला घरी नेलेलं. इंजेक्शन आलं, फ्रिजच्या दारात जाऊन बसलं, आणि ते पोचवायचं कुणी हे फक्त सरांच्या तळहाताला ठाऊक! तीन दिवस त्याच दुपारी चारला भरत होते. घड्याळात पावणेदोन वाजलेले. तिच्या घरी फोन नाही.

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इंजेक्शन. सरांनी स्वतः गाडी काढली, मी शेजारी. दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग. काही हलेना. सर स्टिअरिंगवर बोटं आपटत एकच वाक्य म्हणत होते, "तिला दुसरं मूल हवंय हो, सिस्टर. तिनं मला सांगितलं होतं." मी थर्मास पोटाशी धरून बसलेले. जणू बाळच.

पारनाक्यापाशी घर सापडलं. दारात तिची सासू. "अय्या! डॉक्टर स्वतः बाळाला बघायला आले! बसा, शिरा करते."

"सूनबाई कुठे आहेत?"

"तिला मामांकडे निजवल्ये, इथे सणाची गर्दी. दोन गल्ल्या सोडून."

सर धावले. पन्नाशीचा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, कल्याणच्या गल्लीतून पळतोय! मागे थर्मास घेऊन मी! लोक दारात येऊन बघायला लागले. तीन पस्तीसला सरांनी तिला स्वतःच्या हातानं सुई टोचली. मग त्या मामांच्या ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला त्यांना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, यापुढे कपाळावर लिहीत जा. निदान आम्हाला तरी वाचता येईल!"

* * *

मॅडम दुसऱ्याला हसायच्या, पण त्यांची स्वतःची भीती होतीच. मान! नवीन असताना त्यांना एक आखूड मानेचा पेशंट आलेला. भूल दिली, श्वास थांबला आणि श्वासनलिकेत नळी काही जाईना. दोन मिनिटं तो माणूस त्यांच्यासमोर निळा पडत गेला. कशीबशी गेली नळी, वाचला. पण तेव्हापासून मॅडमना माणसाचा चेहरा दिसायचाच नाही. मान दिसायची, हनुवटी दिसायची, दात दिसायचे. भाजीवाल्याकडे उभ्या असताना मला कोपर मारायच्या. "तो बघ, वांगी देणारा. मला जमणार नाही."

त्यांच्या भाचीला डोंबिवलीत मुलगा बघायला आलेला. मीही गेलेले. बाकीचे नोकरी विचारतायत, ब्लॉक केवढा ते विचारतायत. मॅडम गप्प, पोह्यांची बशी हातात, नजर मुलाच्या गळ्यावर. मध्येच म्हणाल्या, "जरा तोंड मोठं उघडता का?"

बिचाऱ्यानं घाबरून उघडलं.

"जीभ बाहेर. अजून. बरं, मिटा."

मुलाची आई माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे.

तरी लग्न झालं! आणि दोन वर्षांनी जावई पोट धरून आमच्याच थिएटरमध्ये. अपेंडिक्स, फुटायच्या बेतात. मॅडमचा चेहरा राखेसारखा झालेला. भाची बाहेर रडतेय, पोट वाढलेलं, सातवा महिना. मला वाटलं, आता या म्हणणार, दुसऱ्या कुणाला बोलवा. पण नाही. त्यांनी त्याला झोपवलंच नाही. पाठीच्या मणक्यात सुई दिली, कमरेखाली बधिर केलं आणि तो जागा असताना सरांनी अपेंडिक्स काढलं. तासभर मॅडम त्याच्या डोक्याशी उभ्या, एक हात त्याच्या हनुवटीखाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, काय पटकन ठरवलंत हो!"

"पटकन?" त्या म्हणाल्या. "अगं, ते मी पोहे खातानाच ठरवून ठेवलेलं!"

* * *

माझी भीती मला माझ्याच हातून मिळाली.

हाताची हाडं आणि शिरा जोडणारे एक डॉक्टर आमच्याकडे बाहेरून यायचे. कारखान्यात काम करणारा एक तरुण माणूस, सावंत, मशीनखाली मनगट सापडून आलेला. आतल्या शिरा जोडायच्या होत्या. अशा वेळी दंडाला पट्टा आवळतात, बीपी बघायच्या पट्ट्यासारखा, म्हणजे रक्त खाली येत नाही आणि नीट दिसतं. पण पट्टा ठरल्या वेळी सोडावाच लागतो. नाहीतर हात जातो.

डॉक्टर म्हणाले, "साडेअकराला सोडायचा. सगळ्यांनी लक्षात ठेवा."

आम्ही सगळे म्हणालो, "हो."

सव्वाअकराला वॉर्डात एक म्हातारे आजोबा चक्कर येऊन पडले. मी धावत गेले, त्यांना खाटेवर घेतलं, परत आले. हात धुतले, दोरे द्यायला लागले. समोर भिंतीवर घड्याळ. मी कितीदा तरी बघितलं. अकरा चाळीस. अकरा पन्नास. वेळ दिसत होती, काम आठवत नव्हतं! प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा सांगेल.

बारा वाजून पाच मिनिटांनी मॅडमनी सलाईन बदलायला मान वर केली आणि किंचाळल्याच. "पट्टा!"

सोडला. हात मेणबत्तीसारखा पांढरा. मी त्याच्या नखांकडे बघत उभी. मनात एकच, हा कामावर जाणारा हात आहे, उजवा आहे. अंगठा गुलाबी झाला. मग पहिलं बोट. मग मधलं. मग करंगळीशेजारचं. करंगळी पांढरीच. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात तिला ओढत होते, ये गं, ये गं.

आली. शेवटी आली.

सहा महिन्यांनी सावंत पेढे घेऊन आला, कामावर रुजू झालेला. पाचही बोटं हलवून दाखवली. "करंगळी जरा झोपलेली असते, सिस्टर," म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून 'सगळ्यांनी लक्षात ठेवा' हे वाक्य मला ऐकवत नाही. घरी आमचे हे म्हणाले, "कुणीतरी दुधाकडे बघा रे," की मी आतून ओरडते, "कुणीतरी नाही! नाव घ्या!"

* * *

नव्वद सालानंतर आमच्याकडे नवीन मशीन आलं. पेशंटच्या बोटाला चिमटा लावायचा, की दर ठोक्याला टिंग वाजायचं. रक्तात प्राणवायू कमी व्हायला लागला, की आवाज खाली खाली उतरायचा. टिंग, टुंग, टोंग. बघायची गरजच नाही. पहिले काही महिने छान वाटलं. मग एकदा एका बाईचा आवाज उतरायला लागला आणि उतरतच गेला. नळी सुटलेली. मॅडमनी पकडली वेळेत. पण तो उतरता आवाज माझ्या अंगात शिरला तो शिरलाच.

आमच्या ह्यांना त्याच सुमारास पेटी शिकायची हौस आली. रविवारची सकाळ, मी कणीक मळतेय, बाहेर हे बसलेले. सा रे ग म चढत गेले, माझं लक्षसुद्धा नाही. वर पोचले आणि तिथून उतरायला लागले.

मी कणकेच्या हातांनी धावत बाहेर! ह्यांची हनुवटी वर केली, तोंड उघडलं, ओठांचा रंग बघितला.

"अगं काय झालं?"

माझे हात कणकेचे, ह्यांच्या सगळ्या गालांना कणीक. हे बिचारे घाबरून पेटीचा भाता सोडायलाच विसरले.

त्यानंतर आमच्या घरी नियमच झाला. "वर जा किती जायचंय ते. उतरताना मला आधी सांगा!"

* * *

एकच उरलाय. तो सांगते आणि उठते.

बाळकुमची रंजना. आगरी घरातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, धीट डोळ्यांची. दुसरं बाळंतपण, पोट उघडून करायचं ठरलेलं. सकाळी मी तिला तयार करत होते, तर तिनं माझं मनगट धरलं.

"सिस्टर, मना झोपवू नका."

"नाही गं, कमरेखालीच बधिर करणार आहेत."

"मागच्या टायमाला झोपवलेलं. दुसऱ्या दवाखान्यान. उठले तवा सांज झालती. बाल गेलेला. घरच्यांनी न्हेला पन, पुरला पन. मी त्याचा तोंड नाय बगला." तिनं मनगट सोडलं नव्हतं. "बाल भायेर आला का पयला मना दाखवा. कसा बी असूदे."

"दाखवीन," मी म्हटलं.

"जित्ता नसला तरी."

"दाखवीन गं."

हिरामावशी तिथेच चादर घालत होत्या.

सरांनी बाळ बाहेर काढलं आणि मला कळलं. निळं. मऊ. हातपाय नुसते लोंबणारे. आवाज नाही. मी टॉवेलात घेतलं आणि कोपऱ्यातल्या बाळाच्या टेबलाकडे धावले. नळीनं घसा साफ केला, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. काही नाही.

"सिस्टर, दाखवा," मागून आवाज आला.

मला ऐकू आला, पण कळला नाही. खरं सांगते, माझ्या डोक्यातून ते वचन पुसलं गेलेलं. तिथे फक्त ते निळं अंग होतं आणि माझे दोन हात.

"सिस्टर! दाखवा ना!"

तेवढ्यात माझ्या हाताखालचं टेबल हललं. बाळाच्या टेबलाला चाकं होती. हिरामावशींनी एका हातानं ते धरलेलं, दुसऱ्या हातात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा गाडा.

"मावशी, काय करताय!"

"तू तिला दाखवीन बोललीस ना?"

आणि ओढत नेलंच. मी बाळाला धरून बरोबर चालले, दुसरं करणार काय? टेबल रंजनाच्या डोक्याशी नेऊन लावलं. नाडकर्णी मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द न बोलता मास्क बाळाच्या तोंडावर धरला आणि हवेची पिशवी दाबायला लागल्या. मी पाठ चोळत राहिले.

रंजनानं मान वळवली. बाळ तिच्यापासून हातभर अंतरावर.

"काय स्थिती आहे?" सरांनी विचारलं. त्यांचे हात तिच्या पोटात, मान वर करता येत नव्हती.

एक मिनिट गेलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण नजर गेलीच. मला वाटलेलं ती रडत असेल, ओरडेल. ती नुसती बघत होती. पापणी न हलवता. कपाळ, कान, बोटं, परत कान.

"नाक माज्या आयशीचा हाय," ती हळूच म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर धूसर झालं. मॅडमची पिशवी चालूच. दोन मिनिटं. खाली कुठली तरी एसटी वळली, काचा थरथरल्या. मावशींचा हात सिलिंडरवर, ओठ घट्ट मिटलेले.

मग एक उचकी. इतकी बारीक, की मला वाटलं भास झाला. परत एक. मग बाळाचं तोंड वेडंवाकडं झालं, कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्यानं जो टाहो फोडला!

मॅडम भिंतीला टेकल्या. सरांनी खालच्या मानेनंच विचारलं, "मुलगा की मुलगी?" तेव्हा लक्षात आलं, तिघांपैकी कुणी बघितलंच नव्हतं!

"मुलगी, सर."

मी तिला पुसलं, गुंडाळलं आणि रंजनाच्या गालाशी नेलं. छाती गुलाबी झाली, मग हात, मग ओठ. रंजना सगळं बघत होती. शेवटचं नख गुलाबी होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

"बघितलंस ना?" मी म्हटलं. "बघ कशी रडतेय!"

"हाव," ती म्हणाली. मग तिनं डोळे मिटले.

"आता मना झोपवा."